उणे वीस

मे महिन्यात वर्धा रोडचं डांबर
चपलेला चिकटायला लागतं,
तेव्हाही मी दिवसातून दोनदा फ्रीझरचं दार उघडते
आणि वहीत आकडा लिहिते : उणे वीस.
बाहेरचा आकडा कुणी मागत नाही.
तो मीच समासात पेन्सिलीने टिपते :
सेहेचाळीस पूर्णांक दोन.

आत कुप्या आहेत. प्रत्येकीत चिमूटभर बीट,
उत्तर ध्रुवाजवळच्या एका कड्याखालून खरवडलेली.
चौरागडे मॅडम स्वतः गेल्या होत्या,
हातमोज्यांवर हातमोजे घालून.

पहिल्या दिवशी मला हसूच आलं.
फुटाळ्याच्या काठी बगळ्यांच्या झाडाखाली गाडी लावली
की शिव्या देत धुवावी लागते ती वस्तू,
इथे कुलपात!
आणि लाइट गेली की नत्थू ढेपे जनरेटरकडे असा धावतो
जशी दारात वरात आली.

मॅडमनी फोटो दाखवला.
काळी पाठ, पांढरं पोट, मान जवळजवळ नाहीच.
आपल्या टिबुकलीएवढा जीव.
मराठीत नाव? मॅडमना ठाऊक नव्हतं.
मी वहीत माझ्यापुरतं लिहिलं : बर्फटिबुकली.
मॅडमनी खोडलं नाही.

ती गार पाण्यात बुडी मारते,
तांदळाच्या कणीएवढे चरबीदार किडे
गळ्याखालच्या पिशवीत भरते,
दगडांच्या फटीत एकुलतं पिल्लू, त्याला भरवते.
आणि येता-जाता कड्यावर शिटते.
बस, एवढंच.
पण अशा लाखो.
लाखो चोची समुद्र उचलून डोंगरावर नेतात, घासाघासाने,
मग नुसत्या खडकावर शेवाळ धरतं,
शेवाळामागून गवत,
गवतामागून रेनडिअर, रानहंस, आणि त्यांच्या वासावर कोल्हा.
बिटेचा तो उग्र दर्प, डोळ्यांत पाणी आणणारा,
तोही वाया जात नाही म्हणे.
वर चढतो, त्याला धरून बारीक थेंब जमतात,
ढग होतो.
उन्हात बर्फाच्या डोक्यावर
तेवढाच पदर.

हे ऐकलं त्या दिवशी डबा उघडायला
मला चार वाजले.

माझे बाबा कोराडीला कोळसा उतरवायचे.
रात्री उशीवर त्यांच्या कानाचा काळा ठसा उमटायचा,
आई रोज अभ्रा धुवायची.
लहानपणी मी विचारलं होतं,
एवढी मोठी चिमणी, मग उडत काहून नाही?
बाबा म्हणाले, उडते ना.
रोज उडते. फक्त परत येत नाही.

तिच्यावर आम्ही तिघं शिकलो.
तिच्यावरच हा फ्रीझर गार आहे,
हे मला ठाऊक आहे, मॅडमनाही आहे.
आम्ही त्यावर बोलत नाही.

आता तिकडचं पाणी कोमट होत चाललंय.
कणीएवढे किडे उत्तरेला सरकले,
त्यांच्या जागी आले ते खसखशीएवढे, बिनचरबीचे.
टिबुकली लांब जाते, जास्त फेऱ्या मारते.
पिशवी भरते,
पिल्लू भरत नाही.

मागच्या वेळी चौऱ्याऐंशी कुप्या आल्या होत्या.
या वेळी एकतीस.
मी दोनदा मोजल्या, मग डबा उलटा करून पाहिला.
मॅडम म्हणाल्या, मोजणीत चूक नाही, गजभियेबाई.
कडा शांत होता.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
आणि पुसतच राहिल्या.

रिकाम्या कप्प्यात
बर्फाचा पातळ थर धरलाय. तो खरवडायचा असतो.
आज मी खरवडला नाही.

संध्याकाळी गाडीच्या सीटवर पांढरा डाग,
सकाळी फुटाळ्यावर थांबले होते तिथला, वाळून गेलेला.
नत्थू फडकं घेऊन आला, पुसून देऊ का जी?
म्हटलं, राहू दे.
तो हसला. लय ऊन लागलं बाई तुम्हाले.

खरंच लागलं असेल.
हेल्मेट घालण्याआधी वर पाहिलं,
कोराडीच्या बाजूला, मग उत्तरेला.
दोन्ही एकाच बाजूला आहेत
हे आजच लक्षात आलं.